तुकडी कोणाच्या ताटांत?

आहाराचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न आहे असें आपण समजतों. परंतु आमच्या देशांत तो पोटापेक्षां प्रतिष्ठेचाच अधिक होऊन बसला आहे. एक पक्ष म्हणतो कीं, ज्याच्या घरांतून मासळीचा वास येतो तो मनुष्य संस्कारानें उणा. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ज्या पानावर मांस नाहीं तें जेवणच नव्हे, आणि वरणभात खाणारा तो दुबळा. हे दोन्ही पक्ष मोठ्या आवाजानें बोलतात, म्हणून तेच काय ते ऐकूं येतात. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या आमच्या या किनाऱ्यावरील पुष्कळ लोक मात्र पिढ्यान् पिढ्या तिसऱ्याच रीतीनें जेवीत आले आहेत. त्यांच्या पानावर नित्य असतात ते भात, भाकरी, कडधान्य व भाजी; मासळी येते ती आठवड्यांतून एकदां किंवा दोनदां; आणि मटण येतें तें सणाला अगर पाहुण्याला. या मध्यम आहाराची वकिली करण्यास कोणी पुढें येत नाहीं. तें वकीलपत्र आज आम्ही घेत आहों. मात्र आमचा अशील सर्वस्वीं निर्दोष आहे असें आम्हांस सांगावयाचें नाहीं. त्याच्या घरांत चाललेला एक अन्याय उघड करून तो दूर करण्याविषयीं त्यालाच विनंती करणें, हाही आमचा हेतु आहे.

प्रथम ही रीत काय आहे तें नीट पाहूं. रायगड जिल्हा, ज्यास १९८१ पूर्वीं कुलाबा म्हणत, हा भाताचा व मिठागरांचा मुलूख. भात निघाल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरावा, अलिबागेकडील पांढऱ्या कांद्याच्या माळा पडवींत टांगाव्या, परसांत शेवगा व अळू असावें, आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठीं बोंबील, जवळा व सोडे उन्हांत वाळवून डब्यांत भरून ठेवावे, असा येथील संसार. या संसारांत मासळी ही भाताची सोबतीण होती, धनीण नव्हती. मूठभर जवळ्यांत घरभर माणसांचें कालवण होई, आणि चार सोडे पडले कीं वांग्याच्या भाजीस चव येई. शिवाय वार पाळण्याची चाल होती व अजूनही आहे. कोणी सोमवार पाळी, कोणी गुरुवार, कोणी शनिवार. एकादशी, संकष्टी व श्रावणमास हे तर बहुतेकांचेच. नवगांवच्या किनाऱ्यास ज्यांचे पूर्वज लागले असें परंपरा सांगते, ते बेने इस्रायल लोक खवले व पर असलेलीच मासळी खात. म्हणून कोळंबी त्यांस वर्ज्य. कोंकणी मुसलमानांचे हलालाचे नियम निराळे, सारस्वतांचे वार निराळे, माळकरी आगऱ्याचें व्रत निराळें. तात्पर्य, या किनाऱ्यावर मासळी खाणारे पुष्कळ, पण निर्बंधावांचून खाणारे थोडे.

या निर्बंधांत केवळ धर्मभावनाच होती असें नव्हे. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ मासळीच्या विणीचा काळही तोच. ज्या दिवसांत होडी घालणें जिवावरचें, त्याच दिवसांत चातुर्मास व श्रावण यावेत आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून मग दर्या मोकळा व्हावा, ही व्यवस्था निसर्गाशीं जुळती होती. आज सरकारही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवतें. जुन्या आचाराचें व नव्या कायद्याचें असें एकमत क्वचितच पाहावयास मिळतें.

आतां शास्त्र काय म्हणतें तें ऐकूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं आहाराविषयीं जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत दिवसाच्या एकंदर उष्मांकांपैकीं धान्यापासून मिळणारा भाग ४५ टक्क्यांहून अधिक नसावा आणि डाळी, अंडीं, मासळी वा मांस यांपासून सुमारें १४ ते १५ टक्के भाग मिळावा, असें सांगितलें आहे. आमच्या घरांतील पान पाहिलें तर काय दिसतें? भाताचा डोंगर आणि डाळीचें पाणी! निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांची एक समिति ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या विद्यमानें बसली होती. तिनें २०१९ सालीं मनुष्याच्या व पृथ्वीच्याही प्रकृतीस मानवेल असा जो आहार सुचविला, त्यांत कडधान्यें दिवसाला सुमारें ७५ ग्रॅम, मासळी २८ ग्रॅम आणि बकरें, गुरें इत्यादिकांचें लाल मांस अवघें १४ ग्रॅम धरलें आहे. २८ ग्रॅम दररोज म्हणजे आठवड्यास दोनशें ग्रॅमच्या आंतच, अर्थात् दोन वेळचें मासळीचें जेवण. जें आमची आजी वार पाळून सहज करीत असे, तें जगांतील विद्वानांनीं हिशेब मांडून काढलें. त्यांत आम्हांस अभिमान वाटण्यासारखें कांहीं असेल तर तें इतकेंच.

थोड्याशा मासळीनें काय साधतें, असें कोणी विचारील. ब-१२ हें जीवनसत्त्व १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. रक्त व मज्जातंतु यांस तें अवश्य असून वनस्पतींत तें विश्वासानें मिळत नाहीं. दूध, अंडीं, मासळी व मांस यांतूनच मिळतें. मासळींतील लोह शरीरांत सहज शोषलें जातें, एवढेंच नव्हे, तर तिच्या सोबतीनें डाळभाजींतील लोहही अधिक चांगलें शोषलें जातें. कांट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळींतून चुना मिळतो. उलट पक्षीं, कडधान्य व पालेभाजी यांतून मिळणारा चोथा मासळींत मुळींच नाहीं. म्हणून दोहोंचा संयोग हितकर. ज्यांस मासळी वर्ज्य आहे, त्यांनीं दूध, ताक, डाळ व उसळ हीं पुरेशीं घेऊन आणि जरूर तर वैद्याच्या सल्ल्यानें ब-१२ घेऊन आपलें आरोग्य उत्तम राखतां येतें. त्यांस मासळी खाण्याचा आग्रह करणें हा आमच्या मतें गांवढळपणा होय.

येथवर आमच्या म्हणण्यास फारसा कोणाचा विरोध होणार नाहीं. पण आतां आम्ही ज्या मुद्द्यावर येत आहों, तो पुष्कळांस टोंचेल. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, १५ ते ४९ वर्षांच्या पुरुषांपैकीं सुमारें ८३ टक्के पुरुष कधीं ना कधीं मांसमत्स्य खातात. त्याच वयाच्या स्त्रियांत हें प्रमाण सुमारें ७१ टक्के. आठवड्यांतून एकदां तरी खाणारे पुरुष ५७ टक्के, तर स्त्रिया ४५ टक्के. त्याच पाहणीप्रमाणें देशांतील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयानें ग्रस्त आहेत, आणि महाराष्ट्रांत हा आंकडा ५४ टक्के आहे. प्रगत म्हणविणाऱ्या आमच्या प्रांतांत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगांत पुरेसें रक्त नसावें, यापरती लज्जेची गोष्ट कोणती? रक्तक्षयाचीं कारणें अनेक आहेत. एकट्या मासळीनें तो जाईल असें म्हणणें अडाणीपणाचें होईल. परंतु कारणांपैकीं एक कारण आमच्या स्वयंपाकघरांतच आहे, तें तरी डोळे उघडून पाहिलें पाहिजे.

घरांत मासळी येते तेव्हां ती निवडते, साफ करते व शिजविते कोण? घरची स्त्री. ती वाढते कोणास? प्रथम कर्त्या पुरुषास, मग पाहुण्यास, मग मुलग्यांस, मग मुलींस. शेवटीं स्वतः पानावर बसते तेव्हां भांड्याच्या तळाशीं कालवण असतें व डोकें अगर शेपटी असते. मधली तुकडी केव्हांच दुसऱ्याच्या ताटांत गेलेली असते. ज्या कोळणीच्या डोक्यावरील पाटींतून ती मासळी गांवभर जाते, तिच्या पानावरही पुष्कळदां विकून उरलेलेंच येतें. वर्षाचे उपास मोजले तरी त्यांतील मोठा वांटा स्त्रियांकडेच. नवऱ्याच्या आयुष्यासाठीं तिनें उपवास करावा आणि तिच्या आयुष्यासाठीं नवऱ्यानें एक तुकडीही कमी खाऊं नये, हा कोणत्या शास्त्राचा न्याय? स्त्रीनें स्वखुषीनें व्रत घेतलें असेल तर तें आम्हांस आदरणीयच आहे. पण मग व्रताच्या दिवशीं साबुदाण्यावर तिची बोळवण न करितां दूध, शेंगदाणे, राजगिरा व फळें तिला मिळालीं पाहिजेत, आणि व्रत सुटल्यावर डाळ, उसळ वा मासळी यांचा तिचा वांटा तिला बरोबरीनें मिळाला पाहिजे. स्वतः निवडलेला संयम हें व्रत. दुसऱ्यानें लादलेली उणीव ही उपासमार. या दोहोंतील भेद आमच्या सुशिक्षित गृहस्थांस कळत नाहीं असें नाहीं. तो कळून न कळल्यासारखें करणेंच सोयीचें वाटतें, इतकेंच.

जी गोष्ट घरांत, तीच शाळेंत. राज्य सरकारनें नोव्हेंबर २०२३ मध्यें शाळेंतील पोषण आहारांत आठवड्यांतून एक अंडें, व अंडें न खाणाऱ्या मुलांस केळें अगर दुसरें फळ द्यावें असें ठरविलें. कोणावर जुलूम न करितां गरिबाच्या मुलास चार घांस बरे देण्याची ही योजना होती. पुढें जानेवारी २०२५ मध्यें तिच्यासाठींचा निधि थांबविण्यांत आला, आणि ज्या शाळांस अंडें द्यावयाचें असेल त्यांनीं तें लोकवर्गणींतून द्यावें असें सांगण्यांत आलें. आम्ही विचारतों, ज्या वाडीवस्तींतील मुलास अंड्याची सर्वांत अधिक जरूर, तेथें वर्गणी देणार कोण? सधन गांवांत वर्गणी जमेल, पण तेथील मुलांस घरींच अंडें मिळतें. अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन येथील व्यापारी मंडळींस आमची विनंती आहे कीं, सरकारच्या मनांत पुन्हां उदारता उत्पन्न होईपर्यंत आपापल्या गांवच्या एकेका शाळेचा हा भार त्यांनीं उचलावा. उत्सवांच्या वर्गण्यांपुढें हा खर्च कांहींच नव्हे.

आतां प्रतिष्ठेच्या प्रश्नाकडे वळूं. खाण्यापिण्यावरून माणसाची किंमत करण्याच्या रोगाशीं महाराष्ट्रांतील सुधारकांचें भांडण जुनें आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेंत प्रवेश करतांना ख्रिस्ती भटारखान्यांतला पाव खावा लागे. १८९० सालीं पुण्यास पंच हौद मिशनमध्यें घेतलेल्या चहाच्या एका प्याल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें! आणि याच आमच्या जिल्ह्यांत, महाड येथें, २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें पिऊन साऱ्या देशास विचारलें कीं, पाणी पिण्यासही ज्यास बंदी तो मनुष्य आहे कीं नाहीं? त्याच परिषदेंत त्यांनीं आपल्या बांधवांस मृत जनावराचें मांस खाणें सोडण्याचा उपदेशही केला होता. या दोन गोष्टींत विरोध नाहीं. आपल्या स्वाभिमानासाठीं मनुष्य स्वतः एखादें खाणें टाकतो तेव्हां तो उंच होतो. त्याच्या खाण्यावरून दुसरा त्यास हीन लेखतो तेव्हां तो दुसराच खालीं उतरतो.

हा रोग गेला असें कोणी समजूं नये; त्यानें वेष मात्र पालटला आहे. मुंबईंतील कित्येक इमारतींत मासळी खाणाऱ्यास घर मिळत नाहीं, ही गोष्ट आतां कोणास नवीन नाहीं. ज्यांच्या कोळीवाड्यांवर ती नगरी उभी राहिली, त्यांच्याच रांधण्याचा वास तिला सोसेनासा झाला! २०२५ च्या स्वातंत्र्यदिनीं कल्याण-डोंबिवली महापालिकेनें मांसविक्रीचीं दुकानें बंद ठेवण्याचा हुकूम काढला, त्यावरही मोठा वाद माजला. स्वातंत्र्याच्या दिवशींच नागरिकानें काय खावें हें हुकुमानें ठरवावें, यांतील विसंगति ज्यास दिसत नाहीं त्यास ती दाखविण्याचा प्रयत्न आम्ही करीत नाहीं. पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं जन्मलेल्या विनोबांनीं आजन्म निरामिष आहार केला. त्यांच्या अंगीं जी करुणा होती ती जनावरापाशीं आरंभून माणसापाशीं संपणारी नव्हती; ती दोघांसही पुरून उरली. करुणेपोटीं मांस वर्ज्य करणारास आमचा नमस्कार असो. परंतु बोंबलावर दया करून कोळणीचा विटाळ मानणारी जी करुणा, तिला आम्ही दुसरें नांव देऊं.

इतकें बोलून आम्ही थांबलों तर मांसाहारी मंडळी आमच्यावर खूष होतील. परंतु त्यांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. अलीकडे जमिनीचे पैसे हातीं आलेल्या गांवांत हळदीच्या रात्रीं मटणाचीं पातेलीं व दारूच्या बाटल्या यांवरून घराची पत मोजूं लागले आहेत. आषाढी अमावास्या ही वास्तविक दिव्यांच्या पूजनाची. तिला गटारी हें नांव देऊन पोट फुटेपर्यंत मांस व शुद्धि जाईपर्यंत मद्य, असा क्रम कित्येकांनीं ठेवला आहे. महिनाभराच्या संयमाची किंमत एका रात्रींत वसूल करणें हा संयम नव्हे, ती उधारी होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१५ सालीं प्रक्रिया केलेलें मांस कर्करोगास कारण होतें व लाल मांस बहुधा होतें, असा निर्णय दिला. खारविलेल्या सुक्या मासळींत मीठ पुष्कळ असतें; रक्तदाबाच्या रोग्यानें तीही जपूनच खावी. चार पिढ्यांपूर्वीं जो नांगर धरून मूठभर सुकटीवर जगत होता, त्याच्या पणतवानें खुर्चींत बसून रोज मटण खावें आणि मधुमेहाचें खापर नशिबावर फोडावें, हें हास्यास्पद आहे.

शिवाय समुद्रालाही एक बाजू आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्यास येतां येऊं लागल्यानें शनिवार-रविवारीं पाहुण्यांची गर्दी वाढली आहे, आणि जो तो पापलेट अगर सुरमईच मागतो. मागणी दोनचार जातींवरच पडली कीं त्यांचीं पिल्लेंही बाजारांत येऊं लागतात. राज्य सरकारनें २०२३ सालीं पापलेटास राज्यमासा ठरविलें आणि त्याच सालीं ५४ जातींच्या मासळीची लांबी अमुक असल्यावांचून ती पकडूं नये, असा नियम केला. विजेच्या प्रखर दिव्यांनीं मासळी ओढून पकडण्यास २०१७ पासून केंद्र सरकारची बंदी आहे. परंतु हातभर नियम व बोटभर अंमलबजावणी हा आमचा जुनाच अनुभव. गिऱ्हाइकानें हाताएवढें पापलेट घेण्याचें नाकारलें आणि भोजनगृहाच्या मालकानें तें पानावर वाढण्याचें नाकारलें, तर पोलिसांच्या नौकेपेक्षां अधिक काम होईल. आठवड्यांतून दोनदांच खावयाचें, तर पुरतें वाढलेलें खावें, योग्य दाम देऊन खावें, आणि मांदेली, बोंबील, बांगडा, करंदी जें त्या ऋतूंत मुबलक असेल तें खावें. यांत कोळ्याचें नुकसान आहे असें म्हणणारास आम्ही इतकेंच सांगतों कीं, मासळी उरली तरच कोळी उरेल.

कोणी आक्षेप घेतील कीं, हा तुमचा मध्यम मार्ग म्हणजे निश्चयाचा अभाव. हत्या ती हत्याच. एक मासा मारला काय आणि शंभर मारले काय! आम्हांस हा तर्क मान्य नाहीं. व्यवहारांत प्रमाणालाच नीति म्हणतात. जो सर्वस्वीं अहिंसक होऊं शकत नाहीं त्यानें हिंसा कमी करूं नये, असें कोणताच धर्म सांगत नाहीं. पूर्ण त्याग करणारे थोडेच निघतात. पण अर्धा त्याग लाखों लोक करूं शकतात, व त्याचें फळ मोठें असतें. नित्य कडधान्य आणि नैमित्तिक मासळी ही रीत ज्यास पेलते, त्यानें तिची लाज बाळगूं नये व तिचा तोराही मिरवूं नये.

एवंच, आमचें म्हणणें थोडक्यांत असें. रोजच्या पानावर भात कमी व डाळ, उसळ, भाजी अधिक असावी. मासळी आठवड्यांतून एकदोनदां असावी, मांस सणावारीं असावें, आणि ज्यास हें कांहींच नको त्यास तितक्याच आदरानें त्याचें अन्न मिळावें. घर भाड्यानें देतांना माणसाचें वर्तन पाहावें, त्याची कढई पाहूं नये. शाळेंतील मुलास अंडें वा केळें मिळावें. कोवळी मासळी समुद्रांतच राहूं द्यावी. आणि या सर्वांच्या आधीं, कायदा, सरकार वा वर्गणी यांची वाट न पाहतां, आमच्या प्रत्येक वाचकानें आज रात्रींच करण्यासारखी एक सुधारणा आहे. घरांतील सर्वांनीं एकत्र पानावर बसावें, आणि जिनें मासळी रांधली तिच्या ताटांत मधली तुकडी पडली आहे कीं नाहीं, हें पाहूनच पहिला घांस घ्यावा. ज्याच्या हातून इतकेंही होत नाहीं, त्यानें शाकाहार श्रेष्ठ कीं मांसाहार श्रेष्ठ, या वादांत पडूं नये. त्याच्या घरांत दोन्ही सारखेच निष्फळ आहेत.